स्लॅबवरचं पाणी

भुजंगची बदली नांदेडहून लातूरला झाली तेव्हा लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती. टेबलं-खुर्च्यासुद्धा इकडून तिकडून गोळा करून आणत होते. भुजंग शिपाई होता. त्याचं गाव जळकोटच्या बाजूला. तिथं म्हातारी आई एकटी राहायची. लातुरात असलं तर सुट्टीच्या दिवशी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल, एवढ्यासाठी त्यानं स्वतःच अर्ज केला होता. त्याची बायको पंचफुला हदगावची. नांदेड सोडणं तिच्या जिवावर आलं होतं, तरी तिनं भांडी बांधली.

लातुरात चार वर्षांत त्यांनी पाच खोल्या बदलल्या. दोन भाडं वाढलं म्हणून सोडल्या. बाकी तीन ठिकाणी घरमालकिणीनं आधी नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव, आणि पंधरा दिवसांत तिच्याकडं कोणी ना कोणी पाहुणे राहायला यायचे असायचे. शेवटची मालकीण तर हळहळलीसुद्धा. "तुम्ही माणसं चांगली आहात हो, पण आमच्या सासूबाईंचं..." म्हणाली. पंचफुलानं तिचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. चावी तिच्या हातात दिली आणि दोन्ही पोरींना घेऊन बाहेर पडली. त्या दिवसापासून तिनं घराचं मनावर घेतलं.

कचेरीतल्या पंधरा-वीस जणांनी मिळून शहराबाहेर एक शेत घेतलं होतं. त्यातला वीस बाय तीस फुटांचा तुकडा भुजंगच्या वाट्याला आला. आसपास चारच घरं उभी राहिली होती; बांधकाम होईपर्यंत त्यांतल्याच एका घरातली खोली त्यांनी भाड्यानं घेतली. नळ नव्हता, प्यायला टँकर यायचा. लाइटीचे खांब होते, त्यावर तारा नव्हत्या. कडेला व्यंकटरावांचं शेत आणि त्यात त्यांची दगडी बांधणीची विहीर.

घराचा नकाशा पंचफुलानंच काढला. एक ओव्हरसियर फुकट काढून देतो म्हणाला होता, त्यानं दिलाही. पण त्याच्या नकाशात संडास पार मागच्या कोपऱ्यात, तीन पायऱ्या उतरून. पंचफुलाला ते चालणार नव्हतं. तिची सासू कोंडाबाई हिचे दोन्ही गुडघे गेले होते. बाहत्तरच्या दुष्काळात उकिडवं बसून खडी फोडली, तेव्हापासून दुखणं धरलं, असं म्हातारी सांगायची. तिला गावाहून आणायची तर पायरी नको आणि लांब चालणंही नको. पंचफुलानं चुलीतली राख टोपल्यात भरून नेली आणि प्लॉटवर रेघा ओढल्या. पुढं एक खोली. मागं स्वैपाकघर. स्वैपाकघराला लागून सात बाय आठची म्हातारीची खोली, तिचं दुसरं दार मोरीकडं, आणि मोरीला लागून संडास. सगळं एका पातळीवर.

मग ती त्या राखेच्या रेघांत स्वतः आडवी पडली. बाज मावते का, उठताना हाताला भिंत येते का, ते तिनं बघितलं. भुजंग रस्त्यावर कोणी नाही ना, म्हणून मान वळवून वळवून बघत होता.

"लईच ल्हान वाटायलंय," तो म्हणाला.

"रेघेत घर ल्हानच दिसतंय साहेब. भिंती उठल्या म्हंजे मोठं होतंय," शिवमूर्ती मिस्त्री म्हणाला. शिवमूर्ती निलंग्याकडचा. वय पन्नाशीचं, बोलणं सावकाश. भुजंगला तो साहेब म्हणायचा आणि पंचफुलाला अक्का. पाया खणायच्या दिवशी त्यानं नारळाचं विचारलं. पंचफुला म्हणाली, "आमच्यात न्हाई करत." भुजंगनं बुद्धवंदना म्हटली, पोरी हात जोडून उभ्या राहिल्या. शिवमूर्तीही टोपी काढून उभा राहिला. मग बाजूला जाऊन त्यानं आपल्या थापीला तेवढं कुंकू लावलं.

पहिला धक्का पाया खणतानाच बसला. ती सगळी काळी माती. तीन फूट खणलं, चार फूट खणलं, तरी काळीच लागत होती. शिवमूर्ती खड्ड्यात उतरून मुठीत माती दाबायचा आणि वर बघून मान हलवायचा.

"ही माती पावसात फुगती आन् उन्हात फाटती, अक्का. हिच्यावर घर ठिवलं तर भिंत दोन वर्षांत चिरणार. मुरूम लागंपर्यंत जावंच लागंल."

मुरूम साडेपाच फुटांवर लागला. जो दगड भिंतीला धरला होता, तो जमिनीखाली गेला. तिथून पुढं प्रत्येक गोष्ट आधी ठरवल्यापेक्षा लहान होत गेली. रोज सकाळी शिवमूर्ती एकच विचारायचा, "अक्का, ह्ये करू का त्ये करू?" आणि दोन्हींतलं एकच जमणारं असायचं. पुढची ओसरी गेली. मागची खिडकी गेली. तिच्या जागी विटांची जाळी आली. रस्ता पुढंमागं उंच होणार, पावसाचं पाणी घरात शिरेल, म्हणून जोतं दोन फूट उचलावं लागलं. म्हणजे दाराशी पायऱ्या आल्या. पंचफुलानं पायऱ्यांऐवजी उतार मागितला. शिवमूर्तीनं हातानं मापून दाखवलं. म्हातारीला चढता येईल एवढा सोपा उतार करायचा, तर तो रस्त्यावर जात होता.

"मंग आतून तरी सगळं सपाट ठिवा," पंचफुला म्हणाली.

"ते ठिवतो."

भुजंग यातल्या कशातही फारसा पडत नव्हता. दिवसभर साहेबांच्या फायली या खोलीतून त्या खोलीत नेऊन तो दमायचा. संध्याकाळी येऊन भिंतीवर हात फिरवायचा आणि विचारायचा, "आज काय गेलं?"

छताचं मात्र तो बोलला. "पत्रे टाकू," म्हणाला. "आपल्याला कोण बघाया येतंय?"

पंचफुलाचं लहानपण पत्र्याखाली गेलं होतं. उन्हाळ्यात पत्रा तापला की तिची आई पोरांना घेऊन लिंबाखाली जाऊन बसायची. शिवाय दोन पोरी होत्या. उद्या वर एक खोली चढवता आली, तर कोणाच्या दारात नाव-गाव सांगत उभं राहावं लागणार नाही. ती म्हणाली, "स्लॅब पायजे. दोन खोल्यांवर स्लॅब, आत्याच्या खोलीवर सध्या पत्रा. पुढं बघू."

सासूला ती आत्या म्हणायची. आत्याच्या डोक्यावर पत्रा देताना तिची जीभ अडखळली, पण तिसऱ्या खोलीची सळई आणणं त्यांच्या हातात नव्हतं.

कोंडाबाई फाल्गुनात आली. गावातली विहीर आटली होती, टँकर चार दिवसांआड यायचा, आणि हंडा घेऊन धावणं तिला जमत नव्हतं. भुजंग तिला एसटीनं घेऊन आला. अर्धवट घरासमोर खडीच्या ढिगावर बसून तिनं सगळं बघितलं. "मला पत्रा चालतंय," ती म्हणाली. "माझा जलम पालापाचोळ्याखाली गेला." मग तिनं विचारलं, "पानी कुठून आनता?"

पाणी व्यंकटरावांच्या विहिरीतलं होतं. ते शेतातून रबरी पाइपानं प्लॉटवर यायचं, सकाळी अर्धा तास. त्याचं व्यंकटराव महिन्याचे पैसे घ्यायचे. माणूस सरळ होता. पण सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं, आणि पाणी खाली गेल्यानं विहिरीत इंजिनाचा आवाज दिवसेंदिवस जास्त घुमायला लागला होता. व्यंकटरावांनी मोसंबीची अर्धी बाग आधीच सोडून दिली होती. ते भुजंगला म्हणाले, "तुमचा स्लॅब पडूस्तोवर देतो. त्यावरचं पंधरा दिवसाचं बी देतो. शब्द हाय. त्याच्यापुढं मला मागू नका."

स्लॅब गुरुवारी पडला. भुजंगनं रजा घेतली होती. कचेरीतले दोघं शिपाई घमेली उचलायला आले. पंचफुलानं दहा माणसांच्या भाकरी थापल्या. दुपारी सगळं उरकल्यावर शिवमूर्तीनं घाम पुसत सांगितलं, "आता माझं काम सरलं अक्का, तुमचं सुरू झालं. उद्या वर मातीची आळी बांधतो. त्यात पंधरा दिवस पाणी हटलं न्हाई पायजे. स्लॅब पाणी पितंय. ह्या उन्हात त्याला तहानलेला ठिवला तर ते फाटतंय."

शुक्रवारी आळी बांधली. छोटे छोटे चौकोन, भाताच्या वाफ्यांसारखे. पाइप वर चढवला आणि दोन खोल्यांच्या छतावर बोटभर पाणी उभं राहिलं. पोरींनी शिडीवरून डोकावून बघितलं. पंचफुलाही वर गेली. तिला वाटलं, आता झालं. आता एवढं पाणी सांभाळलं की झालं.

शनिवारी सकाळी दानम्मा आली. दानम्माचं घर पलीकडच्या ओळीत. नवरा आडत बाजारात हमाल, घरी तीन लेकरं. ती रिकामी घागर घेऊन दाराशी उभी राहिली. आधी तिनं नुसतं वर बघितलं. छताच्या कडेवरून पाण्याची एक बारीक धार भिंतीवर उतरत होती.

"टँकर आलाच न्हाई का?" पंचफुलानं विचारलं.

"परवापासून न्हाई." दानम्मानं घागर पुढं केली. "अक्का, पाइप वरी जातुया, तवा एक घागर भरू का? प्यायला. जास्ती न्हाई."

पंचफुलानं पाइपाचं तोंड खाली ओढलं आणि घागर भरून दिली.

खडीच्या ढिगावरून कोंडाबाई हे बघत होती. दानम्मा गेल्यावर तिनं सुनेला जवळ बोलावलं.

"पंचफुला, देऊ नको."

"आत्या, एकच घागर दिली."

"मी काय म्हनते ते आईक. मी गावच्या बारवंच्या कठड्याखाली उभी राह्यलेली हाय. सकाळधरनं दुपारपस्तोर. वरून कुनी वताया आलं तर पानी, न्हाई तर न्हाई. मला म्हाईत हाय तहान काय आसती." म्हातारीचा आवाज चढला नव्हता. ती गुडघे चोळत बोलत होती. "म्हनूनच सांगते. तुझ्या घराचं पानी हाय ते. घर एकदाच व्हतंय. आपल्याला कुनी दिलं व्हतं?"

ज्या म्हातारीनं जन्मभर वाट बघितली, तीच देऊ नको म्हणत होती, आणि तिचं चुकतंय असंही म्हणता येत नव्हतं.

रविवारी सकाळी दाराशी नऊ घागरी होत्या. दानम्मानं कोणाला सांगितलं नव्हतं. भरलेली घागर डोक्यावरून नेताना सगळ्यांना दिसली होती. चार जणी ओळखीच्या, बाकीच्या खालच्या वस्तीतल्या. एका बाईच्या काखेला तापलेलं पोर होतं. एकीला दिलं तर दुसरीला नाही कसं म्हणायचं? पंचफुलानं पाइप खाली ठेवला आणि एकेक घागर भरत गेली. इंजिन बंद झालं तेव्हा तीन घागरी राहिल्या होत्या आणि स्लॅबवर थेंब गेला नव्हता. ती वर गेली. आळ्यांतलं पाणी आटून तळाला ओल तेवढी होती. तिनं बांधकामाच्या बॅरलमध्ये उरलेलं पाणी बादलीनं वर नेऊन शिंपडलं.

सोमवारी बावीस घागरी आल्या. भुजंग कचेरीत निघाला होता, तो सायकल धरून तसाच उभा राहिला. "मी काय सांगू ह्यांना?" त्यानं पंचफुलाला विचारलं. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्यानं सायकल भिंतीला लावली आणि बायांना म्हणाला, "बायांनो, अर्धी अर्धी घ्या. स्लॅबला बी ऱ्हाऊ द्या."

पण अर्धी घागर भरली की मागची बाई विचारायची, "तिला एवढी, मला एवढीच?" ढकलाढकल झाली. पाइप बांधावरून निसटला आणि पाणी व्यंकटरावांच्या शेतातल्या नांगरलेल्या ढेकळांत गेलं. बाया ते हातांनी घागरीत ओढू लागल्या. व्यंकटराव तिकडून चालत आले. त्यांनी आधी इंजिन बंद केलं.

"भुजंगराव, मी बांधकामाला पाणी दिलं. वस्तीला न्हाई दिलं," ते म्हणाले.

"मालक, प्यायलाच नेत्यात ह्या."

"मला दिसत न्हाई का? आज ह्या बावीस हायत, उद्या चाळीस येतील. हीर दोन दिवसात बसंल. मंग माझी जनावरं कुठं नेऊ? मी कुनाला हो म्हनू आन् कुनाला न्हाई?" ते बायांकडं न बघता बोलत होते. "आता कुनालाच नको. तुमचे पैसे म्हागारी देतो."

"मालक, दहा दिवस राह्यल्यात. शब्द दिला व्हता तुमी," पंचफुला म्हणाली.

"व्हय, दिला व्हता," व्यंकटराव म्हणाले, आणि पाइप गुंडाळून खांद्यावर टाकून निघून गेले.

बाया एकेक करून गेल्या. ज्यांना मिळालं होतं त्यासुद्धा मान खाली घालून गेल्या. कोंडाबाई काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं, निदान मी सांगितलं होतं एवढं तरी, असं पंचफुलाला दिवसभर वाटत राहिलं.

त्या दिवसापासून घरात आलेला प्रत्येक थेंब आधी वर गेला. पंचफुलानं पोती आणि कडबा पसरला, म्हणजे ओल टिकेल. पोरींच्या आंघोळी स्लॅबवर व्हायला लागल्या. दोघी परकर गुडघ्यापर्यंत धरून आळ्यात बसायच्या आणि आई तांब्यानं पाणी घालायची. तांदूळ धुतलेलं वर जायचं, हात धुतलेलं वर जायचं. भुजंग कचेरीच्या टाकीतून एक डबा भरून सायकलला अडकवून आणायचा. तो अर्धा वाटेत सांडायचा. खासगी टँकरवाल्याला त्यानं विचारून बघितलं. सिमेंटापेक्षा पाणी महाग होतं.

तिसऱ्या दिवशी दानम्मा आली. तिच्या हातात बादली होती, बादलीत करडं पाणी.

"भांडी घासल्यालं हाय. राखच हाय त्यात. स्लॅबला चालंल का?" ती म्हणाली.

पंचफुलानं बादली घेतली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आपलं खरकटं पाणी घेऊन आल्या. शिवमूर्तीनं बघून सांगितलं, काही नसल्यापेक्षा बरं. पण सात-आठ बादल्यांनी दोन खोल्यांचं छत किती भिजणार? वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं. शिंपडलेलं पाणी पोत्यात मुरेपर्यंत कोरडं व्हायचं. पंचफुला दुपारी वर जाऊन पोतं उचलून हात लावायची, आणि तवा लागावा तसा हात मागं घ्यायची.

अकराव्या दिवशी पोतं उचललं तेव्हा तिला केसासारखी रेघ दिसली. स्वैपाकघराच्या वर, कोपऱ्यापासून मधापर्यंत. तिनं बोटानं पुसून बघितली. पुसली गेली नाही. पलीकडं आणखी एक होती.

शिवमूर्ती आला, गुडघे टेकून बसला, थापीच्या मुठीनं ठिकठिकाणी ठोकून कान लावला.

"पडायचं न्हाई," शेवटी तो म्हणाला. "तुमी खाली राहा, भिऊ नका. पर झिरपंल. आन् अक्का, ह्याच्यावरी खोली चढवू नका. कवाच नका."

"डांबर घातलं तर?" भुजंगनं विचारलं.

"डांबरानं पाणी थांबंल. ताकद येत न्हाई साहेब."

भुजंगनं मान हलवली. पंचफुला कडेला बसून खाली बघत होती. खाली म्हातारीच्या खोलीच्या भिंती कमरेइतक्या उठलेल्या होत्या. त्या पाइप गेला त्या दिवशीच थांबल्या होत्या. माल कालवायलाच पाणी नव्हतं, आणि सगळ्या शहरातली बांधकामं बंद पडल्यामुळं शिवमूर्तीची माणसं कामाच्या शोधात दुसऱ्या जिल्ह्यांत कधीच निघून गेली होती. शिवमूर्तीही दोन दिवसांनी स्लॅबखालचं सेंट्रिंग, म्हणजे फळ्या आणि टेकू, काढायचं दुसऱ्याला सांगून निलंग्याकडं निघाला. जाताना त्यानं शेवटच्या आठवड्याची मजुरी घेतली नाही. पंचफुलानं हातात कोंबली, तर ती त्यानं पोरींच्या हातात ठेवली.

"म्हातारीची खोली ऱ्हायली," तो म्हणाला. "पाणी झालं की मी येतो."

ज्येष्ठ महिन्यात ते राहायला गेले. भाड्याच्या खोलीची मुदत संपली होती, दुसरा उपाय नव्हता. पाच माणसं पुढच्या खोलीत झोपायची. कोंडाबाईला सकाळी संडासला न्यायचं तर पुढच्या पायऱ्यांवरून खाली उतरवून, घराला वळसा घालून न्यावं लागे, कारण मागची सगळी जागा विटा आणि खड्ड्यांनी भरली होती. एका बाजूनं भुजंग, दुसऱ्या बाजूनं पंचफुला. म्हातारी दात आवळून उतरायची. पाचव्या दिवशी तिचा पाय पायरीवर मुरगळला. सहाव्या दिवशी तिनं पाणी पिणंच कमी केलं, म्हणजे उतरायला लागू नये.

पंचफुलाच्या हे लक्षात आलं तेव्हा ती तांब्या घेऊन सासूच्या पुढं बसली.

"आत्या, प्या."

"मला गावाकडं नेऊन सोड. तिथं उंबऱ्याला पायरी न्हाई," कोंडाबाई म्हणाली.

"तिथं पानी न्हाई."

"हितं तरी कुठं हाय?" म्हातारी म्हणाली. मग सुनेचा चेहरा बघून तिनं आवाज उतरवला. "तुझं काय चुकलं न्हाई, बाई. तू समदं माझ्यासाठीच मांडलं व्हतं. मला काय दिसत न्हाई का?"

पंचफुलाला ते ऐकवेना. त्यापेक्षा म्हातारीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भुजंग तिला रविवारी घेऊन गेला. एसटीच्या उंच पायरीवर तिला दोघांनी उचलून चढवलं, कंडक्टरनं वरून हात दिला. खिडकीशी बसून कोंडाबाई पोरींना म्हणाली, "पाऊसकाळ झाला की येते."

पाऊस त्या वर्षीही जेमतेमच झाला. स्वैपाकघरात चुलीच्या वरच झिरपलं. भुजंगनं डांबर घातलं, पुढच्या वर्षी परत घातलं. कोंडाबाई आली नाही. तिचे पाय आता एसटीपर्यंतही चालत नव्हते. भुजंग दर पंधरवड्याला जाऊन यायचा. शेजारची एक बाई तिच्या दाराशी घागर ठेवून जाते, असं तो येऊन सांगायचा, आणि पंचफुला त्या बाईसाठी त्याच्याबरोबर कधी साडी, कधी शेंगदाणे पाठवायची. दुसऱ्या वर्षी माघात म्हातारी गेली. निरोप दुपारी कचेरीत आला. ते पोचले तेव्हा गावकऱ्यांनी तिला अंगणात, सावलीत ठेवलं होतं.

ती खोली त्यानंतर अडीच वर्षांनी पुरी झाली. तोवर वस्तीला नळ आला होता. शिवमूर्तीला निरोप पाठवला, पण तो आजारी होता. दुसऱ्याच मिस्त्रीनं भिंती उचलल्या आणि वर पत्रा टाकला. थोरली पोर तेव्हा दहावीला होती. ती तिथं बसून अभ्यास करायची, आणि उन्हाळ्यात पत्रा तापला की पुस्तकं उचलून आईजवळ स्वैपाकघरात यायची.